अकरातले सात गेले, आता या सीझनला काय?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल टीमचा नवा कप्तान, टी.वाय.बी.कॉम.ला असलेला पोरगा, विचारतोय: गेल्या वर्षी झोनलच्या, म्हणजे विद्यापीठाच्या एका विभागातल्या कॉलेजांच्या स्पर्धेच्या, सेमीफायनलला टायब्रेकरवर (पेनल्टी किकवर) हरलो. त्या अकरातले सात जण पास आऊट झाले. दोन्ही स्टॉपर (मधले डिफेंडर) गेले, गोलकीपर गेला, सगळ्यात जास्त गोल मारणारा फॉरवर्डही गेला. बारावी होऊन एफ.वाय.ला आलेल्या पोरांत टॅलेंट भारी आहे. या सीझनला कुठपर्यंत जाऊ, की हे वर्ष टीम बांधण्यात घालवायचं? जोडीला एक उपप्रश्न: एम.कॉम.ला आलेला चोवीस वर्षांचा एक जुना गोली आहे, वजन वाढलंय, त्याला घ्यावा का?

मी बावीस वर्षं कॉलेजच्या टीम घेऊन मैदानावर उभा आहे. त्यातली काही वर्षं बरी गेली, काही आठवायलाही नको वाटतात. त्या हिशेबानं सांगतो.

तू विचारतोयस सात पोरांबद्दल, पण अडचण वेगळीच आहे. तुझा 'सीझन' म्हणजे मुळात किती मॅच? तालमीची, म्हणजे पेठेतल्या क्लबची, टीम केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या) लीगमध्ये खेळते तेव्हा एक मॅच घालवली तर पुढच्या आठवड्यात सावरता येतं. कॉलेजचं तसं नसतं. झोनल म्हणजे बाद पद्धत. चार-पाच दिवसांत तीन किंवा चार मॅच, आणि हरला की किटबॅग उचलायची. वर्षभराची तयारी एका दुपारी संपते. त्यामुळं 'कुठपर्यंत जाऊ' याचं उत्तर लीगसारखं देता येत नाही.

जरा आकडेमोड करून बघ. समज, झोन जिंकायला चार मॅच जिंकायच्यात आणि प्रत्येक मॅच जिंकायची तुझी शक्यता १०० पैकी ६० आहे, म्हणजे तू दर वेळी समोरच्यापेक्षा सरस आहेस. तरी चारही ओळीनं जिंकायची शक्यता येते १०० पैकी १३. ७० धरलीस तरी २४ च्या आसपास. म्हणजे झोनमधली सगळ्यात चांगली टीमसुद्धा चारातली तीन वर्षं कप न घेता घरी जाते. हे प्राचार्यांना आणि माजी खेळाडूंना सीझनच्या आधीच सांगून ठेव, नंतर सांगितलं तर ते कारण वाटतं.

हाच हिशेब गेल्या वर्षाला लाव. सेमीफायनल गाठली, पण कशी? पहिली मॅच समोरची टीम न आल्यानं पुढे चाल मिळाली असेल, दुसरी १-० नं जिंकली असेल, तर तू गेलेल्या टीमला आहे त्यापेक्षा मोठी समजतोयस. उलट दोन मॅच ३-०, ४-० अशा मारून मग टायब्रेकरला हरला असाल तर ती टीम खरंच दमदार होती आणि खड्डा मोठा आहे. मागचे स्कोअर काढून एकदा नीट बघ. टायब्रेकरवर हरणं हे जवळपास नाणं उलटं पडण्यासारखं आहे, त्यावरून टीम चांगली होती का वाईट ते कळत नाही.

आता गेलेल्यांकडे. सगळे सात सारखे नव्हेत. लोक फॉरवर्डसाठी हळहळतात, कारण गोल त्याच्या नावावर असतात. माझा अनुभव असा की फॉरवर्डची जागा सगळ्यात लवकर भरते. त्यानं पाच गोल मारले असतील तर त्यातले दोन दुसऱ्या कुणीही मारले असते, एखादा कॉर्नरवरून येतो, एखादा समोरच्या गोलीच्या चुकीनं. स्टॉपरचं तसं नाही. स्टॉपरचं निम्मं काम तोंडाचं असतं. 'वर चला', 'मागं माणूस आहे', 'सोड, माझा', हे तो नव्वद मिनिटं ओरडत असतो, त्यावर साइडबॅक उभे असतात आणि हाफ (मधल्या फळीतले) मागं येतात. दोन वर्षं एकत्र खेळलेली जोडी गेली की हे ओरडणंच जातं. मी निवड चाचणीला गोलपोस्टच्या मागं उभा राहतो आणि पाच-सात मिनिटं डोळे मिटून नुसता ऐकतो. गंमत वाटेल, पण कोण खेळ वाचतोय ते तेव्हाच कळतं. एकदा एक बारीक अंगाचा पोरगा राइट हाफला खेळत होता आणि तिथून आख्ख्या डिफेन्सला हलवत होता. त्याला स्टॉपरला टाकला. उंची कमी होती, दोन हेडर हरला, पण त्याच्या डोक्यावरून आलेल्या बॉलला मागं कोण उभं राहणार हे त्यानं आधीच ठरवलेलं असायचं.

म्हणून तुझं पहिलं काम स्टॉपर शोधणं. एफ.वाय.च्या पोरांत शोधू नकोस. राहिलेल्या चार जुन्यांतला जो जास्त बोलतो त्याला मागं आण, मग तो आजवर कुठंही खेळला असू दे.

'टॅलेंट भारी आहे' हे वाक्य मी दर जून-जुलैमध्ये ऐकतो. खोटं नसतं ते. कोल्हापुरात पोरगा चालायला लागला की पेठेतल्या बोळात बॉल मारतो. पायात बॉल आला की दोघांना चकवणारा प्रत्येक गल्लीत भेटतो. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. आपल्याकडची अगदी वरची पोरं कॉलेजच्या टीमपर्यंत येतच नाहीत. अनिकेत जाधवच बघ, लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ ला भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला देशाकडून खेळला. अशी पोरं तेरा-चौदाव्या वर्षीच अकादमी उचलते. आपल्याकडे उरतात ती तालमीत वाढलेली, शिकता शिकता खेळणारी पोरं. ती चांगलीच असतात, फक्त त्यांचा खेळ बॉल पायात असतानाचा असतो. बॉल पायात नसताना काय करायचं हे त्यांना फारसं कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून चाचणीत मी ड्रिबल बघत नाही. बॉल हरवल्यावर पुढच्या पाच सेकंदांत पोरगा काय करतो ते बघतो. कमरेवर हात ठेवून उभा राहिला की वहीत नावापुढं एक टिंब टाकतो. तीन टिंबं झाली की तो या वर्षी बेंचवर.

आता सगळ्यात नाजूक विषय, तालीम. तुझ्या यादीत वीस-बावीस नावं असतील. त्यातली किती नावं मॅचच्या दिवशी मैदानावर असतील? पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस, कुठल्याही तालमीचा पोरगा असू दे, त्याचं मन तिथं असतं. बूट तिथून मिळालेले, पहिली जर्सी तिथली, मॅच बघायला आख्खी पेठ येते. कॉलेजच्या मॅचला कोण येतं? क्रीडाशिक्षक आणि लेक्चर बुडवलेले पाचजण. तेव्हा पोरगा तालमीला झुकतो यात चूक काहीच नाही. काही प्राध्यापक तालमींना शिव्या देत बसतात. मला ते पटत नाही, कारण कोल्हापूरची खरी अकादमी तालीमच आहे. तिथं तयार झालेला खेळाडू तुला फुकट मिळतोय.

करायचं एवढंच की वेळेत बोलायचं. शाहू स्टेडियमवर सीनिअरचा सीझन साधारण पावसाळा सरल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर सुरू होतो. झोनलच्या तारखा विद्यापीठाच्या परिपत्रकावर, त्या वर्षागणिक पुढंमागं होतात. दोन्ही एकमेकांवर आल्या की पोरगा मधल्यामध्ये सापडतो. म्हणून मी जुलैतच त्या त्या तालमीच्या कोचला भेटून येतो. चहा होतो, जुन्या मॅच निघतात, आणि शेवटी मी एवढंच मागतो की झोनलच्या आठवड्यात पोराला सकाळची प्रॅक्टिस माफ करा. बदल्यात त्यांच्या मॅचच्या आदल्या दिवशी मी त्याला पळवत नाही. लेखी काही नसतं, पण आजवर शब्द मोडलेला मला आठवत नाही.

आणि एक, समोरासमोरच्या दोन तालमींची पोरं तुझ्या टीममध्ये असतील तर त्यांच्यातले पास मोज. चेष्टा करत नाही. एका वर्षी माझे लेफ्ट हाफ आणि लेफ्ट विंग अशा दोन तालमींचे होते. पहिल्या सराव मॅचला पूर्ण हाफमध्ये एकानं दुसऱ्याला दोनदाच पास दिला, तोही एकदा चुकून. ओरडून उपयोग नसतो. मी त्या दोघांना महिनाभर वॉर्मअपला जोडीनं ठेवलं आणि कॉर्नर घ्यायचं काम दोघांत मिळून दिलं. दिवाळीत एक दुसऱ्याच्या घरी फराळाला गेला, मग पास आपोआप जायला लागले.

उपलब्धतेचा दुसरा भाग कागदाचा. माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका वर्षी माझ्याकडे आजवरची सगळ्यात तगडी टीम होती. पहिल्या मॅचला सकाळी नोंदणीच्या टेबलावर कळलं की स्टॉपरचा पात्रता अर्ज फाइलमध्ये नाही. तो माझ्या कपाटात, दुसऱ्या फाइलमध्ये होता. पोरगा ट्रॅकसूट घालून बाहेर बसला आणि आम्ही १-० नं गेलो. तेव्हापासून मी अर्ज, ओळखपत्र, बारावीची मार्कशीट हे सगळं ऑगस्टमध्येच गोळा करतो आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवतो. दुसऱ्या विद्यापीठातून आलेला कुणी असेल तर आधी क्रीडा विभागात जाऊन विचार, कारण एकाच शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही. इंटर्नल परीक्षेच्या तारखाही आताच काढ. सेमिस्टर पद्धतीत त्या नेमक्या स्पर्धेच्या आठवड्यात येऊन बसतात, आणि विभागप्रमुखाला महिनाभर आधी भेटलं तर तो मार्ग काढतो, आदल्या दिवशी भेटलं तर नियम काढतो.

आता तयारी. पावसाळ्यात कोल्हापुरात मैदान कुठलं? गांधी मैदानात पाणी साठतं हे तुला मी सांगायला नको. काळ्या मातीत स्टडला चिखलाचे गोळे लागतात, पोरं घसरतात, आणि घोटा मुरगळला की सीझन तिथंच गेला. जुलै-ऑगस्टमध्ये मी मोठ्या मैदानाचा हट्ट सोडून देतो. कॉलेजच्या हॉलमध्ये पाच-पाचची मॅच, बॉलला दोनच टच. जागा कमी असली की पोरगा बॉल येण्याआधीच मान वळवून बघायला शिकतो, आणि एफ.वाय.च्या ड्रिबलवाल्यांना नेमकं तेच हवं असतं.

वॉर्मअपला 'फिफा ११+' घे. त्यात पंधरा व्यायाम आहेत, वीस मिनिटांत होतात: आठ मिनिटं सावकाश पळणं, दहा मिनिटं ताकद आणि तोल, शेवटी दोन मिनिटं जोरात पळणं. आठवड्यातून दोनदा तरी नियमानं केलं तर दुखापती चांगल्याच कमी होतात हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पोरांना कंटाळा येतो. विशेषतः गुडघ्यावर बसून जोडीदारानं घोटे धरायचे आणि अंग सावकाश पुढं सोडायचं, तो मांडीच्या मागच्या स्नायूंचा प्रकार सगळे चुकवतात. तोच चुकवू देऊ नकोस. चार दिवसांत तीन मॅच खेळताना पहिला दगा देते ती हॅमस्ट्रिंगच.

दम मोजायला यो-यो टेस्ट पुरते. वीस मीटरवर दोन कोन, जाऊन परत यायचं, दहा सेकंद विश्रांती, बीप हळूहळू वेगवान होत जातात. मी पुस्तकातल्या आकड्यांशी तुलना करत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला पोरानं किती फेऱ्या मारल्या आणि महिन्यानं किती मारल्या, एवढंच बघतो. जोतिबाच्या डोंगरावर पळवणारे कोच आहेत, पोरंही फोटो टाकतात, पण फुटबॉल म्हणजे एका दमात चढण चढणं नव्हे. थांब, धाव, वळ, परत थांब, असा खेळ आहे, दमही तसाच करावा लागतो.

खेळायचं कसं? नवे स्टॉपर असताना ऑफसाइड ट्रॅपच्या (सगळ्या डिफेन्सनं एकदम पुढं सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडायच्या) नादाला लागू नकोस. एक पाऊल एकानं चुकवलं की समोरचा फॉरवर्ड एकटा गोलीसमोर. डिफेन्सची लाइन दहा यार्ड मागं ठेव, तिच्या पुढं दोन हाफ कायम राहतील असं बघ, साधं ४-४-२ (चार डिफेंडर, चार हाफ, दोन फॉरवर्ड). देखणं दिसणार नाही. पण बाद पद्धतीत तुला जास्त गोल मारायचे नाहीत, कमी खायचेत. गोलसाठी कॉर्नर आणि फ्री किकवर वेळ घाल. तीनच प्रकार ठरव आणि तेच शंभर वेळा कर. झोनलच्या मॅच अशाच सुटतात, नाहीतर टायब्रेकरला जातात.

टायब्रेकरबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुम्ही तिथंच हरलात. बहुतेक टीम स्पर्धेच्या आदल्या दिवशी दहा-दहा पेनल्टी मारतात आणि त्याला प्रॅक्टिस म्हणतात. ताज्या पायांनी अकरा मीटरवरून कुणीही मारतो. मी प्रत्येक प्रॅक्टिस संपल्यावर, पोरं पार दमलेली असताना, एकालाच पुढं बोलावतो. बाकीचे मध्यरेषेवर उभे. त्यानं तिथून चालत यायचं, बॉल स्वतः ठेवायचा, शिट्टीची वाट बघायची, एकच मारायचा. दिवसाला पाच जण. वहीत लिहितो, कुठल्या कोपऱ्यात मारला आणि आत गेला का. महिन्याभरात वही सांगते की कोण मारणार. आश्चर्य वाटेल, पण बऱ्याचदा सगळ्यात खेळकर फॉरवर्ड यादीत नसतो आणि मुका साइडबॅक पहिला असतो.

दोन नियम लक्षात ठेव. मॅच संपताना जे मैदानावर असतील तेच टायब्रेकर मारू शकतात, म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत बदली करताना वही बघूनच कर. खुद्द मी एकदा दमलेला म्हणून चांगला मारणारा बाहेर काढला आणि पाचव्या किकला हात चोळत बसलो. दुसरं, किक मारली जाताना गोलीचा एक पाय तरी, अर्धा का होईना, गोललाइनवर, तिच्या रेषेत किंवा तिच्या मागं हवा. आपले गोली उडी मारत दोन पावलं पुढं येतात, मग अडवलेली किक परत मारायला मिळते. बदली किती आणि कशा हे स्पर्धेगणिक बदलतं, ते मॅनेजर मीटिंगमध्ये हात वर करून विचार.

तर माझा अंदाज. तुझ्या मजकुरावरून मला ही पहिल्या दोन फेऱ्यांत कुणालाही त्रास देणारी, पण तिसऱ्या मॅचला अनुभवानं कमी पडू शकेल अशी टीम दिसते. बोलका स्टॉपर सापडला, तालमींशी जुलैत बोलणं झालं आणि मॅचच्या दिवशी वीसपैकी सोळा तरी हजर राहिले तर सेमीफायनल पुन्हा धरायला हरकत नाही. यातलं एक हुकलं तर दुसरी फेरी. 'टीम बांधण्याचं वर्ष' हा शब्द मात्र पोरांसमोर काढू नकोस. कॉलेजमध्ये पोरगा तीन-चार वर्षं असतो, त्यातलं एक वर्ष कशाला दान करेल तो? तुझंच शेवटचं वर्ष आहे. एफ.वाय.च्या तिघा-चौघांना खेळव, पण ते पुढच्या वर्षी कामाला येतील म्हणून नव्हे, आज चांगले आहेत म्हणून. विद्यापीठाचा संघ निवडताना निवड समिती बघते ती इंटरझोनलला (झोनलच्या पुढच्या, झोनांमधल्या स्पर्धेला), तेव्हा तिथवर पोचणं त्यांनाही हवंच असतं.

राहिला एम.कॉम.चा गोली. आधी त्याची जन्मतारीख बघ. आंतरविद्यापीठला वयाची मर्यादा २५ आहे, आणि ती कुठल्या तारखेला मोजतात ते परिपत्रकात दिलेलं असतं. चोवीस म्हणजे काठावर. ते जमलं तर वजनाचा विचार नंतर. एका पावसाळी सकाळी त्याला गोलमध्ये उभा कर आणि दोन्ही बाजूंनी वीस क्रॉस टाक, बॉल बादलीत बुडवून. किती धरले, किती ठोसा मारून बाहेर काढले, किती हातातून सुटले ते लिही. एफ.वाय.च्या गोलीलाही तेच वीस टाक. आकडे जवळपास असतील तर मी जुन्याला घेईन, कारण तुझे दोन्ही स्टॉपर नवे आहेत आणि मागून कुणीतरी ओरडणारा हवा. नवा स्पष्ट पुढं असेल तर तो खेळेल आणि जुना त्याला रोज अर्धा तास शिकवेल; मागून कसं ओरडायचं हेही. फक्त त्या सकाळी दोघांच्या ग्लोव्हजचे तळवे बघून घे. तळव्याचा फोम झिजलेला ग्लोव्ह ओल्या बॉलवर साबणासारखा निसटतो, आणि तू उगाच पोराला नापास करशील.